वळिवाच्या दिवसांतील संध्याकाळ आणि पुढच्या चार दिवसांचा बेत

चैत्र अर्धा उलटला की भीमेच्या खोऱ्यात दिवसाचे दोन भाग पडू लागतात. दुपारी दोन-तीनपर्यंत सारा कारभार उन्हाचा असतो. त्यानंतर तो आभाळाकडे जातो. सकाळी निरभ्र असलेल्या आकाशात मध्यान्हीच्या सुमारास पिंजलेल्या कापसाच्या गोळ्यांसारखे ढग दिसू लागतात, तिसऱ्या प्रहरी त्यांचे डोंगर होतात, पाचच्या पुढे वारा एकाएकी पडतो, उकाडा नकोसा होतो, आणि मग धुळीचा लोट उडवीत पहिला गार झोत येतो. पुष्कळदा चार टपोरे थेंब पडून सारे शमते. कधी अर्ध्या-पाऊण तासात शेताचे तळे होते. क्वचित गारा पडतात, आणि ज्या शिवारात त्या पडतात तेथील शेतकऱ्याला ते वर्ष जन्मभर विसरता येत नाही. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागाने हा अनुभव घेतला आहे.

शिरूर तालुक्याच्या दक्षिण अंगास भीमेकाठी वडगाव रासाई वसले आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. हा सारा टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला; वर्षाकाठी पाऊस सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. असे असूनही नदीचे पाणी, तिच्यावरील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, कालवे व विहिरी यांच्या आधाराने येथील शिवार भर उन्हाळ्यात हिरवे असते. आडसाली ऊस, नुकताच फुटलेला खोडवा, चाऱ्याचा मका, थोडा भाजीपाला आणि याच दिवसांत काढणीस आलेला रब्बी कांदा, असे चित्र नदीच्या दोन्ही तीरांवर दिसते. यातली गोम अशी की, ज्याची शेती निव्वळ जिरायत आहे त्याच्याकडे कडब्याची गंजी सोडली तर वळिवाने बिघडावे असे वैशाखात फारसे काही नसते. बागायतदाराची वर्षाची कमाई मात्र नेमकी याच महिन्या-दीड महिन्यात उघड्यावर पडलेली असते. पाण्याची सोय झाली, पीक वाढले, आणि त्याबरोबर वळिवाची धास्तीही वाढली. पूर्वी ज्या पावसाची वाट पाहिली जाई, त्याच पावसाला आज अवकाळी म्हणून नावे ठेवली जातात. पाऊस पूर्वीही पडत होता. बदलला आहे तो मुख्यतः शेतात असलेला माल.

संध्याकाळी दूध संकलन केंद्रावर चार शेतकरी एकत्र आले की उद्याच्या कामाची बोलणी निघतात. ती बारकाईने ऐकली तर एक गोष्ट ध्यानात येते. उद्याचे काम ठरते ते प्रथम मजुरांच्या टोळीवरून, नंतर विजेच्या पाळीवरून, आणि आभाळाचा विचार झालाच तर सर्वांच्या शेवटी. टोळी मिळाली म्हणून कांदा उपटला, वीज दिवसाची आली म्हणून उसाला पाणी सोडले, ट्रॅक्टर मोकळा झाला म्हणून नांगर घातला, असा सारा क्रम चालतो. आमच्या मते या दिवसांपुरता तरी हा क्रम उलटा केला पाहिजे. बेत आदल्या संध्याकाळी आखावा, तो एका दिवसाचा न आखता पुढच्या चार दिवसांचा आखावा, आणि त्यात पहिला प्रश्न हा असावा की, या चार दिवसांपैकी कोणत्याही संध्याकाळी पाऊस आला तर आपले उघड्यावर काय असेल व ते किती वेळात झाकता येईल.

हे ठरविण्यासाठी वळीव कसा येतो हे थोडे समजून घेणे अगत्याचे आहे. दिवसभर तापलेली जमीन आपल्या लगतची हवा तापविते. ती हलकी होऊन वर चढते. नुसती कोरडी हवा चढली तर धुळीची वावटळ होते, अधिक काही नाही. परंतु अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारे दख्खनच्या पठारावर आले असतील, तर वर चढणाऱ्या हवेतील बाष्पाचे ढग बनतात, आणि ढग बनताना जी उष्णता मोकळी होते ती त्या हवेला आणखी वर रेटते. असा ढग दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंतही जातो. तेथे गोठणबिंदूच्या कितीतरी खाली तापमान असते. गारा तेथेच तयार होतात व खालून येणाऱ्या प्रवाहाने पुन्हा पुन्हा वर उचलल्या जाऊन मोठ्या होतात. पुढे पाऊस कोसळू लागला की त्याच्याबरोबर गार झालेली जड हवा वेगाने खाली येते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. पावसाआधी धुळीसकट येणारा गार झोत तो हाच. तो अंगाला लागला म्हणजे पाऊस दहा-पंधरा मिनिटांवर आला असे समजण्यास हरकत नाही, आणि त्या वेळी ताडपत्री शोधू लागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

यावरून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक म्हणजे वळिवाचा ढग कोठून कोठे जाईल हे जमिनीवरच्या वाऱ्यावरून ओळखू नये. तो वरच्या थरांतील वाऱ्याबरोबर सरकतो. ढगाचा माथा ऐरणीसारखा ज्या दिशेला पसरलेला दिसतो, बहुधा त्या दिशेला ढगाची चाल असते. दुसरी गोष्ट वेळेची. ढगाचे डोंगर तीन वाजता दिसू लागले तर पाऊस पाच-सहापर्यंत येऊ शकतो. म्हणजे हाताशी सुमारे दोन तास आहेत. दुपारची न्याहारी करून सावलीत आडवे होण्याच्या वेळी एकदा बांधावर येऊन आभाळ पाहणे, एवढीच शिस्त घरातल्या एकाने पाळली तरी पुष्कळ नुकसानी टळेल.

आता हवामानाच्या अंदाजाविषयी. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली आणि १९२८ साली त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले, तरी शेतीसाठी हवामानाचा अभ्यास करणारा विभाग १९३२ साली पुण्यातच सुरू झाला, आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी खास हवामान वार्ता आकाशवाणीवरून प्रसृत होऊ लागल्या. आज आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, जिल्हावार कृषी हवामान सल्ला निघतो; ‘मेघदूत’ या मोबाईलवरील सेवेत तो मराठीत वाचता येतो. शिवाय पुढील तीन तासांपुरते तातडीचे इशारेही दिले जातात. साधनांची वाण आहे असे आज म्हणता येणार नाही. अडचण आहे ती अंदाजाची भाषा समजण्याची.

‘पुणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो आणि तुरळक म्हणजे हलका, किरकोळ पाऊस असे समजून निर्धास्त होतो. हवामान खात्याच्या परिभाषेत या शब्दाचा अर्थ तसा नाही. विभागातील एकूण पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव हिश्शाच्या केंद्रांवर पाऊस अपेक्षित असला की ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतात. पाव ते निम्म्या केंद्रांवर असला की ‘काही ठिकाणी’. निम्म्याहून अधिक परंतु पाऊण हिश्शापर्यंत असला की ‘बऱ्याच ठिकाणी’. म्हणजे तुरळक हा शब्द पाऊस किती जागी पडेल हे सांगतो; जेथे पडेल तेथे किती पडेल याविषयी तो काहीच बोलत नाही. तुरळक ठिकाणी गारपीटही होऊ शकते. वळीव हा स्वभावानेच तुरळक आहे, एका बांधावर चिखल करील आणि पलीकडे धूळही बसू देणार नाही. तेव्हा ‘तुरळक’ ऐकून हसणारा शेतकरी आणि त्याच शब्दाने घाबरून दिवसभराचे काम बंद ठेवणारा शेतकरी, दोघेही त्या शब्दावर अन्याय करतात.

दुसरी गोष्ट, इशारा असतो जिल्ह्याचा. पुणे जिल्ह्याची पश्चिम सीमा सह्याद्रीच्या माथ्यावर आहे आणि पूर्व टोक दौंड-इंदापूरच्या माळावर. एकाच दिवशी जुन्नरला पाऊस आणि वडगावला कडकडीत ऊन असे सहज घडते. पिवळ्या रंगाचा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे तत्काळ हालचाल करा, असा या रंगांचा क्रम आहे. आमची सूचना अशी की, जिल्ह्याला पिवळा इशारा असेल त्या दिवशी आपल्या गावचे आभाळ आपण स्वतः पाहावे. नारिंगी असेल त्या दिवशी आभाळ न पाहताच माल झाकून ठेवावा. अंदाज आणि स्वतःची नजर यांचे भांडण लावण्याचे कारण नाही. अंदाज चार दिवसांचा बेत करण्यास उपयोगी पडतो, नजर चार तासांचा. नक्षत्रांचेही असेच. मेअखेरीस रोहिणी आणि ७-८ जूनला मृग, हे कामाचे वेळापत्रक म्हणून उत्तमच आहे. उद्या संध्याकाळी काय होईल हे मात्र ते सांगू शकत नाही.

आता कांद्याकडे येऊ, कारण या दिवसांत खरा जीव अडकलेला असतो तो त्यातच. रब्बी कांदा हा साठवणीचा कांदा आहे. निफाडचा एन-२-४-१ असो की भीमेच्याच काठी राजगुरुनगर येथील कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने काढलेले ‘भीमा किरण’ व ‘भीमा शक्ती’ हे वाण असोत, नीट सुकलेला माल चाळीत चार-पाच महिने टिकतो आणि शेतकऱ्याला भावाची वाट पाहता येते. हे टिकणे सर्वस्वी काढणीनंतरच्या पंधरवड्यावर अवलंबून असते. निम्म्या रोपांच्या माना पडल्या की काढणी करावी. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे. उपटलेला कांदा तीन-चार दिवस शेतातच अशा रीतीने ओळीने पसरावा की, मागच्या ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यावर येऊन त्याला ऊन लागू नये. नंतर तीन-चार सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी आणि पुढे दहा-बारा दिवस सावलीत ढीग करून सुकवावा. या सुकवणीत कांद्याची मान मिटते व वरचा पापुद्रा कोरडा होतो. मान मिटण्यापूर्वी पाणी आत शिरले की सड आलीच. ती त्या दिवशी दिसत नाही. चाळीत, आरणीत किंवा बराखीत माल भरल्यावर महिना-दीड महिन्याने वास सुटतो, तेव्हा कळते. आणि तोवर शेजारचा चांगला कांदाही नासलेला असतो.

शासकीय सल्ल्यांत अशा वेळी एक ठराविक सूचना असते: काढणी केलेला शेतमाल सुरक्षित ठिकाणी हलवावा. सूचना बरोबर आहे. परंतु ज्याचे दोन एकर रान आहे, ज्याच्या घरात चार माणसे आहेत आणि ज्याची चाळ अद्याप झालेली नाही, त्याने शेतात पसरलेला शंभर-सव्वाशे क्विंटल माल दोन तासांत कोठे हलवावा? सुरक्षित ठिकाण हे शब्द लिहिण्यास सोपे आहेत. सल्ला देणाऱ्यांनी पुढे जाऊन माप सांगितले पाहिजे, आणि ते माप असे काढता येईल. एकरी १०० क्विंटल उत्पन्न धरले तर पाच गुंठ्यांत साडेबारा क्विंटल कांदा निघतो. चार माणसांत तो वाटला तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे तीन क्विंटल, म्हणजे वीस किलोच्या पंधरा-सोळा पाट्या येतात. जवळच ढीग करायचा असेल तर एका तासात हे काम होते. म्हणजे चार माणसांचे घर एका तासात पाच गुंठे आणि दोन तासांत दहा गुंठे माल गोळा करून झाकू शकते. तीन वाजता ढग पाहून पाच वाजेपर्यंत आवरायचे असेल, तर अशा घराने कोणत्याही एका वेळी दहा गुंठ्यांहून अधिक कांदा पसरून ठेवू नये. घरात माणसे कमी असतील तर गुंठेही त्या मानाने कमी करावेत. आभाळ स्वच्छ असून पुढील तीन-चार दिवसांच्या अंदाजातही पावसाचा उल्लेख नसेल, तेव्हाच हे माप ओलांडावे.

यावर जो आक्षेप येईल तो आम्हाला ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. कांदा काढणारी टोळी एकरावर उक्ते काम घेते. दहा गुंठ्यांसाठी ती येत नाही, आणि आली तर पुन्हा चार दिवसांनी येईल याचा भरवसा नाही. मजुरी वाढत आहे, माणसे मिळत नाहीत. मिळाली त्या दिवशी सारे रान मोकळे करून घ्यावे, असे शेतकऱ्याला वाटले तर त्यात त्याचा दोष काय? दोष नाही, पण तोड आहे. आपल्याकडे सावड ही रीत जुनी आहे. पेरणीला, खळ्याला, मोट चालविण्याला एकमेकांची माणसे व बैल धरून कामे उरकली जात. लगतच्या चार शेतकऱ्यांनी मिळून टोळी ठरविली आणि प्रत्येकाचे दहा-दहा गुंठे एका दिवशी काढले, तर टोळीला एकरभर काम मिळते आणि प्रत्येक घराच्या पदरात झाकता येईल एवढाच माल उघडा राहतो. चार दिवसांनी पहिला माल कापून ढिगास लागला की पुढचा फेरा. त्यासाठी लागवडही चौघांनी थोडी मागे-पुढे परंतु एकमेकांच्या विचाराने केलेली असावी लागेल. तेव्हा ही सावड खरे पाहता मार्गशीर्षातच बांधावी लागते, चैत्रात नव्हे. ज्यांनी या वर्षी ती बांधलेली नाही, त्यांनी निदान झाकण्याची सावड तरी करावी. ज्याचा माल उघडा आहे त्याच्या रानात, ढग दिसताच, बाकीच्या तिघांनी जावे. यास पैसा लागत नाही.

झाकण्यातही तंत्र आहे. ढीग सखल जागी करू नये. खाली उसाच्या पाचटाचा थर द्यावा आणि भोवती वीतभर खोल चर काढून त्यास उतार द्यावा, कारण वळिवात वरून भिजणाऱ्या मालापेक्षा खालून भिजणारा माल अधिक असतो. ताडपत्रीच्या कडांवर मातीचे ढेकूळ न ठेवता मातीने भरलेली पोती ठेवावीत. ढेकळे पहिल्या सरीतच विरघळतात. आणि सकाळी ऊन लागताच ताडपत्री काढावी. आज पुन्हा पाऊस येईल म्हणून ती दोन-दोन दिवस तशीच ठेवण्याची पुष्कळांना सवय आहे. आत वाफ धरून कांदा घामेजतो, आणि पावसाने केले नसते ते काम ताडपत्री करते. उभ्या कांद्यावर पाऊस पडला असेल तर लगेच दुसऱ्या दिवशी उपटण्याची घाई करू नये; वाफसा येऊ द्यावा.

बाकीच्या पिकांविषयी थोडक्यात. आडसाली ऊस या वेळी नऊ-दहा महिन्यांचा, पुरुषभर उंचीचा असतो. त्याला भरपूर पाणी दिलेले असताना सोसाट्याचा वारा आला की ओली जमीन मुळांना धरून ठेवीत नाही व ऊस लोळतो. म्हणून मेघगर्जनेचा इशारा असेल तर पाण्याची पाळी एक-दोन दिवस पुढे ढकलावी. वळीव पडला तर पाणीही वाचते, नाही पडला तर दोन दिवसांनी ऊस वाळत नाही. त्याच हिशेबाने युरियाचा हप्ताही थांबवावा. मालदांडीचा कडबा भिजला की काळा पडतो व जनावरे तो नाकारतात. बुचाडे अजून रानात उभी असतील तर ती आणून गंजी लावण्याचे काम कांद्याच्याही आधी उरकावे, कारण त्यास टोळी लागत नाही. रात्रीच्या पाळीने पाणी देणाऱ्यांस एक निराळीच सूचना करावीशी वाटते. शिरूर तालुक्यात उसाच्या रानांतून बिबट्याचा वावर आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. वादळी संध्याकाळी वीज जाते, ती कधी येईल याचा नेम नसतो, आणि मोटार सुरू करण्यासाठी एकटा माणूस अंधारात नदीकडे निघतो. अशा रात्री पाण्याची पाळी सोडून द्यावी; जाणे भागच असेल तर दोघांनी मिळून, बॅटरी व काठी घेऊन जावे.

आकाशातल्या विजेचे भय याहून मोठे आहे, आणि त्याबाबतीत आपण फार बेफिकीर असतो. झाकाझाकीच्या गडबडीत गडगडाट सुरू झाला तर माल तेथेच सोडावा. वीज चमकल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत मनात सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर अंतर तोडण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. मोजणी तीस सेकंदांच्या आत आली, तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची वीज आपल्या रानातही पडू शकते. झाडाखाली, उघड्या पत्र्याच्या शेडखाली, विद्युत खांबाशेजारी किंवा नदीकाठच्या मोटारीपाशी थांबू नये. पक्क्या घरात जावे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने तयार केलेली ‘दामिनी’ ही मोबाईलवरील सेवा आपल्या आसपास वीज कोठे पडत आहे हे दाखविते. घरातील मुलांस ती उघडून देण्यास सांगावे. या दिवसांत खतासाठी पुष्कळांच्या रानात मेंढ्यांचा वाडा बसलेला असतो. त्या मेंढपाळ कुटुंबाला डोक्यावर छप्पर नसते, आणि वादळात ते झाडाचाच आसरा घेते. आभाळ भरून येताच त्यांना, निदान त्यांच्या बायकामुलांना, आपल्या घरात बोलावणे हे रानमालकाचे कर्तव्यच आहे.

येथवर वळिवाची भीतीच सांगितली. परंतु तो नुकसानच करतो असे नाही. कडक झालेल्या जमिनीत एक चांगला वळीव मुरला की नांगरट सुखाची होते, ढेकळे मोडतात, आणि ताग-धैंचा पेरण्यास ओल मिळते. म्हणून चार दिवसांच्या बेतात पाऊस न आला तर काय करायचे याबरोबर, आला तर काय करायचे हेही असावे. २०२५ सालच्या मे महिन्याने हा धडा चांगलाच दिला. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि अवघ्या दोन दिवसांत मुंबई-पुण्यापर्यंत पोचला. एरवी तो पुण्यास जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. त्यापूर्वीही महिनाभर वळिवाच्या सरी चालूच होत्या. कांदा भिजला, नांगरट राहिली, आणि मशागतीसाठी मेअखेरीची वाट पाहणाऱ्यांच्या रानात वाफसाच आला नाही. जे काम एप्रिलच्या पहिल्या ओलीवर होऊ शकते ते मेअखेरीवर टाकू नये.

शेवटी एक काम असे आहे की, ते पावसानंतरच्या संध्याकाळीच करता येते, इतर कोणत्याही वेळी नाही. मे-जूनमधील पहिल्या जोरदार वळिवानंतर हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात आणि बांधावरच्या कडुनिंब, बाभूळ व बोरीच्या झाडांवर पाला खाण्यास व मीलनासाठी जमतात. पहाटेपूर्वी ते पुन्हा जमिनीत शिरतात. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या पावसाळ्यात उसाच्या मुळ्या कुरतडतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऊस पिवळा पडू लागला की मग औषधांच्या दुकानाकडे धाव घ्यावी लागते. तोवर अळी मोठी व चिवट झालेली असते आणि खर्चाच्या मानाने गुण येत नाही. वर्षात या किडीची एकच पिढी होते. म्हणून एक भुंगेरा मारणे म्हणजे पुढच्या साऱ्या अळ्या मारण्यासारखे आहे. परंतु एकट्याने आपल्या बांधावरची झाडे हलविली आणि शेजाऱ्याने हलविली नाहीत, तर उपयोग जवळजवळ शून्य. भुंगेऱ्याला सातबारा वाचता येत नाही. नदीच्या दोन्ही काठांवर उसाची राने सलग आहेत. तेव्हा वडगावने हे करावे आणि पलीकडच्या दौंडच्या गावांनीही त्याच आठवड्यात करावे, यासाठी ग्रामपंचायतींनी व विविध कार्यकारी सोसायट्यांनी आपसांत दिवस ठरविणे इष्ट होय. पाऊस पडून गडगडाट पूर्ण थांबल्यावर साडेसात ते नऊच्या दरम्यान झाडाखाली कापड अंथरून फांद्या लांब काठीने हलवाव्यात आणि खाली पडलेले भुंगेरे रॉकेल किंवा साबण घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकावेत. बांधावर विजेचा दिवा व त्याखाली पाण्याचे घमेले ठेवूनही ते सापडतात. मात्र नऊ-साडेनऊला दिवा मालवावा, नाहीतर उपयोगी कीटकही त्यात मरतात. हे ओळीने आठ-दहा संध्याकाळ करावे लागते. शाळेला सुटी असल्यामुळे मुलांना या कामी घेता येते, आणि कोणत्या आळीने किती भुंगेरे वेचले याची मोजणी सकाळी दूध घालतेवेळी डेअरीच्या फळ्यावर लिहिली, तर मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक चुरस चढेल.